चिवावाच्या डोक्यावरची मऊ टाळू: पहिल्यांदा पिल्लू आणणाऱ्यांसाठी सुरुवातीपासून सगळं

चिवावाचं पिल्लू घरात आलं की पहिल्या आठ-दहा दिवसांत कधीतरी कोणीतरी त्याच्या डोक्यावरून हात फिरवतं आणि दचकतं, कारण मधेच बोटाला हाड लागत नाही, मऊ लागतं. मग गूगल होतं, ब्रीडरला फोन होतो, ब्रीडर म्हणतो "काही नसतं हो, ती तर प्युअर चिवावाची खूण आहे", शेजारचे काका म्हणतात "फसवलं तुम्हाला, ह्याच्या डोक्यात पाणी झालंय", आणि तोवर घरातल्या आजी तेलाची वाटी घेऊन आलेल्या असतात. तिघांपैकी कोणाचंच पूर्ण बरोबर नाहीये. आजींचं तेल त्यातल्या त्यात निरुपद्रवी, पण तेही नको, का ते पुढे सांगते.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. नुसती टाळू उघडी असणं हा आजार नाही, पण "ब्रीडच तसं आहे" म्हणून डोळेझाक करायचीही गोष्ट नाही. टाळूकडे थोडं कमी आणि अख्ख्या कुत्र्याकडे जास्त बघायचं: तो चालतो कसा, खातो कसा, डोळे कसे आहेत, भावंडांच्या मानाने वाढतोय का. खालच्या सगळ्या पायऱ्या ह्यासाठीच आहेत.

आधी हे आहे काय ते

कवटी जन्मतः एकसंध नसते, वेगवेगळी चपटी हाडं असतात आणि ती वाढत वाढत कडेला एकमेकांना जुळतात. जिथे दोनपेक्षा जास्त हाडं मिळतात तिथे काही काळ जागा राहते, तीच टाळू. माणसाच्या बाळाची पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरते हे आपल्या घराघरात माहितीये. कुत्र्यांमधे हे बरंच लवकर उरकतं, बहुतेक ब्रीड्सच्या पिल्लांचं डोकं तुम्ही घरी आणेपर्यंत टणक झालेलं असतं. चिवावात मात्र ही जागा रेंगाळते, काहींची काही महिन्यांत भरते, काहींची वर्षाच्या आसपास, आणि बऱ्याच जणांची आयुष्यभर उघडीच राहते. चिवावावाले लोक हिला मोलेरा म्हणतात.

वर कातडी आणि खाली चिवट पडदा असतो, म्हणजे बोट लावलं की थेट मेंदूला लागलं असं काही होत नाही. पण हाडाचं कवच तेवढ्या जागेपुरतं नाहीये हे खरं, त्यामुळे तिथे बसलेला मार जास्त महागात पडू शकतो.

हे प्रमाण किती, तर २०२१ मधे हेलसिंकी विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी ५० चिवावांच्या कवट्यांचे सीटी स्कॅन केले, त्यातल्या ४६ जणांच्या कवटीत कुठे ना कुठे न भरलेली जागा सापडली. आणि ह्यातल्या सगळ्या माथ्यावर नव्हत्या, बऱ्याचशा कानाच्या बाजूला आणि डोक्याच्या मागे होत्या, म्हणजे बोटाने तपासून "टाळू भरलीये आमच्या पिल्लाची" असं म्हणणाऱ्यांच्या कुत्र्यालाही दुसरीकडे असू शकते. त्याच अभ्यासात हेही दिसलं की वजनाने जितकं लहान कुत्रं तितक्या ह्या जागा जास्त, आणि ज्यांच्यात त्या जास्त त्यांच्या मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्याही मोठ्या असण्याकडे कल. म्हणजे ब्रीडरचं "काही नसतं हो" हेही अर्धवट आणि काकांचं "पाणीच झालंय" हेही अर्धवट.

आणि ते प्युअर असण्याचं सर्टिफिकेट वगैरे सोडून द्या. पूर्वी अमेरिकेत खरंच लोक तसं मानायचे, पण टाळू पॉमेरेनियनमधे राहते, यॉर्कीमधे राहते, माल्टीजमधे राहते, क्रॉस पिल्लांमधेही राहते. अमेरिकन केनेल क्लबने (तिथली कुत्र्यांच्या ब्रीड्सची नोंद ठेवणारी संस्था) पहिला चिवावा १९०८ मधे रजिस्टर केला, त्यांच्या आजच्या स्टँडर्डमधे, म्हणजे ब्रीड कसं दिसावं ह्याच्या वर्णनात, डोकं सफरचंदासारखं गोल हवं आणि मोलेरा असला तरी चालेल नसला तरी चालेल असं लिहिलंय. उलट एफसीआय ह्या आंतरराष्ट्रीय श्वान संघटनेच्या स्टँडर्डमधे उघडी टाळू ही शोमधून बाद करणारी गोष्ट आहे. एकाच ब्रीडबद्दल दोन मोठ्या संस्थांचं हे असं, त्यामुळे कोणी टाळू दाखवून दोन-पाच हजार जास्त मागत असेल तर हसून पुढे जा.

पायरी १: घ्यायच्या आधी

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, कारण पिल्लू घरात आल्यावर जीव जडतो आणि मग डोकं चालत नाही.

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका. भारतात २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्रीच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायलाच बंदी आहे, तरी पाच-सहा आठवड्यांची पिल्लं "बघा किती छोटी आहेत" म्हणून सर्रास दाखवली जातात. चिवावात हे दुप्पट धोक्याचं, कारण एवढ्याशा पिल्लाची साखर पटकन पडते (त्यावर खाली वेगळं लिहिलंय), आणि वय खोटं सांगितलं की टाळू ह्या वयाला असायला हवी तेवढीच आहे की मोठी आहे ते कळायला मार्ग राहत नाही.

आई बघा. जमलं तर बाप पण. आईचं डोकं, तिची चाल, तिचा स्वभाव. सगळी भावंडं एकत्र बघा, आणि त्यात एखादं खूपच लहान, खूपच मोठ्या डोक्याचं, कोपऱ्यात झोपून राहणारं किंवा एकाच बाजूला गोल गोल फिरणारं असेल तर ते "शांत आणि गोंडस" म्हणून उचलू नका. मला माहितीये नेमकं तेच उचलावंसं वाटतं. घ्यायचंच असेल तर आधी डॉक्टरांना दाखवून, काय वाढून ठेवलंय हे कळून घ्या.

टीकप हा शब्द ऐकला की सावध. टीकप चिवावा असं वेगळं ब्रीड नाहीये, कुठल्याही मान्य केनेल क्लबच्या पुस्तकात नाही, तो विक्रीचा शब्द आहे. अमेरिकन स्टँडर्डमधे कमाल वजन ६ पौंड, म्हणजे २.७ किलोच्या आसपास, म्हणजे चिवावा मुळातच एवढासा असतो, त्याहून लहान करून काय मिळवायचंय? वजन कमी तितक्या कवटीतल्या न भरलेल्या जागा जास्त हे वर आलंच आहे. मोठं झाल्यावर दीड-दोन किलोचं होईल असं धडधाकट पिल्लू घ्या, पर्समधे मावणारं नको.

पायरी २: टाळू तपासायची कशी

पिल्लू शांत असताना, शक्यतो झोपाळलेलं असताना मांडीवर घ्या. खेळताना, रडताना, भुंकताना तपासू नका, तेव्हा टाळू थोडी फुगल्यासारखी वाटू शकते आणि तुम्ही उगाच घाबराल.

एका हाताने हनुवटीला आधार द्या. दुसऱ्या हाताच्या तर्जनीचा सपाट भाग, नखाचं टोक नाही, दोन डोळ्यांच्या मधे ठेवा आणि कपाळावरून सरळ वर माथ्याकडे सरकवत न्या. कपाळाचं हाड लागेल, मग कानांच्या थोडं अलीकडे, अगदी मधोमध, हाड संपल्याची कड लागेल आणि बोट जरासं मऊवर येईल. कडेने हलकेच फिरवा म्हणजे आकार कळतो, बहुतेकदा शंकरपाळ्यासारखा असतो. दाबायचं नाही. डोळ्याच्या पापणीवर बोट ठेवाल तेवढाच भार.

बघायच्या गोष्टी तीन. केवढी आहे. सपाट आहे, की शांत असतानाही वर फुगलेली आणि ताणलेली लागते. आणि एकच आहे की बाजूलाही हाडांच्या मधे फटी लागतायत. बारीक ठोका जाणवला तर घाबरू नका, पातळ जागेतून तसं जाणवू शकतं. पण शांत पिल्लाची फुगलेली, घट्ट लागणारी टाळू असेल तर पुढच्या रविवारची वाट न बघता डॉक्टर गाठा.

हे रोज करायचं नाही हं! नवीन पालकांना सवयच लागते, येता-जाता बोट लावून बघायची, घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला "हात लावून बघा ना" म्हणायची. पिल्लाला डोक्याकडे हात आला की दचकायची सवय लागते आणि तुम्हाला रोज काहीतरी वेगळं लागल्याचा भास होतो. पहिले काही महिने दोन-तीन आठवड्यांतून एकदा बास.

तेलाचं: टाळूवर तेल थापल्याने हाड लवकर भरत नाही. कुत्रं ते फर्निचरला पुसतं, पंजाने ओढून चाटतं, आणि तेल "जिरवताना" अंगठ्याने दाब पडतो तो वेगळाच. आजींना सांगा ह्याला तेल नको, पण मांडीवर घेऊन बसा, ते त्याला हवंच असतं.

पायरी ३: लिहून ठेवा

मोबाइलमधे एक नोट उघडा. तारीख, वजन, टाळू साधारण केवढी (मुगाएवढी, वाटाण्याएवढी, बोटाच्या पेराएवढी, जे तुम्हाला कळेल ते), सपाट की फुगीर. वजनासाठी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो, वर डबा ठेवून त्यात पिल्लू. महिन्यातून एकदा समोरून डोक्याचा आणि डोळ्यांचा एक फोटो काढा, त्याच उजेडात, त्याच अंतरावरून. पिल्लू रोज समोर असलं की हळूहळू होणारा बदल आपल्याला दिसत नाही, फोटोत दिसतो, आणि डॉक्टरांनाही "थोडी मोठी झाल्यासारखी वाटते" ह्यापेक्षा ह्याचा जास्त उपयोग होतो.

टाळू कमी होत गेली किंवा तेवढीच राहिली आणि पिल्लू मजेत असेल तर उत्तम. एकदा भरत आलेली टाळू परत रुंद लागायला लागली तर ती दाखवायचीच.

पायरी ४: डॉक्टरांकडे पहिली फेरी

पहिल्या लसीला जाल तेव्हा स्वतःहून सांगा, "डॉक्टर, टाळू उघडी आहे, एकदा नीट बघता का". गर्दीच्या क्लिनिकमधे लस टोचून दोन मिनिटांत बाहेर काढतात, त्यात डोकं कोणी चाचपत नाही. विचारायचं हे: टाळूचा आकार वयाला ठीक आहे का, फुगीर आहे का, डोळे आणि चाल नॉर्मल आहे का, हृदयात मरमर (ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू येते का, गुडघ्याच्या वाट्या जागेवर आहेत का.

उघड्या टाळूचा एक फायदाही आहे, त्यातून मेंदूची सोनोग्राफी करता येते. हाडातून अल्ट्रासाउंड आरपार जात नाही, ह्या जागेतून जातो, भूल न देता मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या मोठ्या आहेत का ह्याचा अंदाज येतो. मात्र हे वाचता येणारा डॉक्टर हवा. लक्षणं नसलेल्या, खेळणाऱ्या-खाणाऱ्या पिल्लाला थेट एमआरआयला न्यायची गरज सहसा नसते, त्यासाठी भूल लागते आणि एवढ्याशा पिल्लाला उगाच भूल कशाला. शिवाय चिवावात पोकळ्या थोड्या मोठ्या असूनही कुत्रं आयुष्यभर ठणठणीत राहतं असं बरेचदा होतं, त्यामुळे नुसत्या रिपोर्टवरून इलाज करत नाहीत, रिपोर्ट आणि लक्षणं दोन्ही जुळावी लागतात. छोट्या गावात असाल आणि पुढची तपासणी लागलीच तर जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना विचारा, मुंबईकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल माहितीच असेल, मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही त्याच आवारात आहे.

लसींचं एक. लहान वजनाच्या कुत्र्यांना एकाच वेळी जास्त लसी दिल्या की रिअ‍ॅक्शनचं प्रमाण वाढतं हे माहितीतलं आहे, म्हणून वेगवेगळ्या लसी थोड्या अंतराने देता येतील का ते विचारा, आणि लसीनंतर अर्धा तास क्लिनिकच्या आसपासच थांबा.

पायरी ५: कशाला घाबरायचं

मेंदूत आणि मेंदूभोवती एक पाणी सतत तयार होत असतं आणि सतत शोषलंही जात असतं. त्याचा निचरा अडला किंवा शोषण कमी पडलं की ते आत साठतं, मेंदूवर दाब येतो. ह्याला हायड्रोसेफॅलस म्हणतात, काकांचं "डोक्यात पाणी" ते हेच. जन्मजात असेल तर खुणा बहुतेकदा पहिल्या काही महिन्यांतच दिसायला लागतात.

डोकं अंगाच्या मानाने वाढतच चाललंय आणि दोन्ही डोळे बाहेरच्या बाजूला आणि खाली वळलेत, वरचं पांढरं जास्त दिसतंय. भावंडं वाढली, हे तेवढंच राहिलं. एकाच दिशेने गोल गोल फिरतं. भिंतीला किंवा कपाटाला डोकं टेकवून उभं राहतं. समोरच्या वस्तूवर आदळतं. फिट येते. तासन्‌तास मंद, नाव घेतलं तरी बघत नाही. शी-शूचं शिकवून शिकवून काहीच डोक्यात शिरत नाही. आता ह्यातलं शेवटचं एकटंच असेल तर तो फक्त चिवावा असण्याचा परिणाम आहे, हे ब्रीड त्यात मुळातच हट्टी, पावसाळ्यात ओल्या गच्चीवर पाय ठेवायला नकार देऊन तुमच्या पायपुसण्यावर काम उरकणारं. पण बाकीच्यांपैकी काही सोबत असेल तर तपासा.

दुसरं एक दुखणं लोकांना माहीत नसतं, मणक्याच्या मज्जारज्जूत पाण्याच्या पोकळ्या होतात ते. कुत्रं मान-खांद्याकडे हवेतच पाय मारून खाजवतं, कातडीला पाय लागतही नाही, उचललं की मधेच किंचाळतं, मान खाली धरून बसतं. आपण गोचीड शोधत बसतो. गोचीड नाही, कातडी स्वच्छ आहे आणि तरी हे रोज चालू आहे तर व्हिडिओ काढून न्या. फिटचा, विचित्र चालीचाही व्हिडिओच काढायचा, क्लिनिकच्या टेबलावर हे लोक नेमकं एकदम शहाण्यासारखं वागतात.

इलाज असतात. आतलं पाणी कमी तयार व्हावं म्हणून गोळ्या देतात, फिटसाठी वेगळ्या, आणि मोठ्या केंद्रांत बारीक नळी घालून ते पाणी पोटात सोडायचं ऑपरेशनही करतात. काही कुत्री गोळ्यांवर वर्षानुवर्षं बरी राहतात, काहींचं नाही जमत. ह्या गोळ्यांत स्टेरॉइड असेल तर ते दुसऱ्या कोणाच्या चिठ्ठीवरून सुरू करू नका आणि मनाने बंद तर अजिबात करू नका.

पायरी ६: लडखडतंय? आधी साखर आठवा

नवीन पालकांची इथे हमखास गफलत होते. पिल्लू अचानक झिंगल्यासारखं चालतं, डोळे शून्यात, थरथर, मान लटकते, अंग थंड, कधी सरळ फिट. सगळे म्हणतात टाळूमुळे झालं. तीन-चार महिन्यांच्या आतल्या चिवावात ही रक्तातली साखर पडल्याची खूण असण्याची शक्यता फार मोठी. एवढ्याशा शरीरात साठा नसतो, एक जेवण चुकलं, प्रवास झाला, जंत झाले, थंडी वाजली किंवा पाहुण्यांनी तासभर खेळवलं की संपलं.

करायचं काय: मध, किंवा ग्लुकोजची पावडर चार थेंब पाण्यात कालवून, बोटाने हिरड्यांना आणि गालाच्या आतून चोळा. शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, श्वासनलिकेत जातं. फिट चालू असताना बोट तोंडात घालू नका, झटके थांबले की चोळा. टॉवेलात गुंडाळून ऊब द्या आणि निघा. पाच-दहा मिनिटांत तरतरी आली तरी डॉक्टरांना दाखवायचंच, शुद्धीवर आल्यावर नीट जेवण द्यायचं, नाहीतर साखर परत पडते. शुगर-फ्री वस्तू चुकूनही नाही, त्यातला झायलिटॉल नावाचा साखरेऐवजी घातलेला पदार्थ कुत्र्यांना विषासारखा आहे.

आणि हे टाळायला दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं खायला, शेवटचं रात्री झोपायच्या आधी. लहान ब्रीडच्या पिल्लांचं खाणं घ्या, दाणा बारीक असतो. नुसत्या दूध-पोळीवर हे पिल्लू वाढत नाही, पोट भरतं आणि बिघडतं पण.

फिट आलीच तर कांदा, चप्पल, चावी काहीही नाकाला लावू नका. आजूबाजूच्या वस्तू बाजूला करा, खोलीतला आवाज-उजेड कमी करा, मोबाइलवर वेळ मोजा. पाच मिनिटांपेक्षा लांबली किंवा एका दिवसात दुसरी आली तर ती इमर्जन्सी. ज्यांना फिट येतात त्यांना गोचिडांची चघळायची गोळी देण्याआधी डॉक्टरांना विचारा, त्यातल्या एका गटाच्या औषधांनी काही कुत्र्यांना फिट येऊ शकते अशी सूचना अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, २०१८ मधे दिलीये.

पायरी ७: घर

उघड्या टाळूचं कुत्रं काचेच्या कपाटात ठेवायचं नाही, त्याला धावू द्या, वास घेऊ द्या, भांडू द्या. फक्त डोक्यावर मार बसायच्या नेहमीच्या जागा बंद करा. घरात चिवावाला लागतं ते बहुतेक वेळा उंचावरून: सोफा, बेड, आणि सगळ्यात जास्त माणसाचे हात. घरातल्या लहान मुलांसाठी एकच नियम, कुत्र्याला उभ्याने उचलायचं नाही, जमिनीवर बसायचं आणि मग मांडीवर घ्यायचं. हा नियम पाहुण्यांच्या मुलांना पण, आणि तो सांगताना संकोच करू नका, नंतर त्यांचे आईवडील "खेळताना पडलं हो" एवढंच म्हणतात. सोफ्याला छोटी पायरी किंवा उतार लावा. गुळगुळीत फरशीवर जाड सतरंजी. पांघरुणात शिरून झोपायची ह्यांची सवय आहे त्यामुळे बेडवर बसण्याआधी पांघरूण चाचपा, हे गमतीत घेऊ नका.

पार्किंगमधे मुलं क्रिकेट खेळत असतील तर तिथून जाताना उचलून घ्या. सोसायटीतल्या मोठ्या प्रेमळ लॅब्रेडॉरशी ओळख करून द्या पण बसून, कारण लॅब प्रेमाने पंजा मारतो आणि तो पंजा नेमका डोक्यावर पडतो. उघड्या गच्चीवर पिल्लू एकटं सोडू नका, घारी असतात. दिवाळीत फटाक्यांना बिचकून हातातून उडी मारतात, तेव्हा हार्नेस (गळ्याऐवजी छातीभोवती बसणारा पट्टा) घालूनच बाहेर. एरवीही गळपट्ट्याला दोरी लावण्यापेक्षा हार्नेसच बरा, चिवावाची श्वासनलिका नाजूक असते आणि ओढाओढीने बदकासारखा खोकला सुरू होतो.

हेल्मेट वगैरे विकत मिळतात म्हणे. गरज नाही.

पायरी ८: डोक्याला लागलंच तर

रडलं, दोन मिनिटांत शेपूट हलवत खायला आलं, तर चोवीस तास नजर ठेवा आणि डॉक्टरांना फोन करून सांगा. शुद्ध गेली, उलटी झाली, झोप आवरेना, डोळ्याची एक बाहुली मोठी एक लहान, नाका-कानातून रक्त, फिट, तोल जातोय, ह्यातलं काहीही असेल तर लगेच निघायचं. उचलताना पाट किंवा जाड पुठ्ठा खाली सरकवून आडवं न्या, डोक्याकडची बाजू किंचित वर, गळ्यावर दाब येणार नाही असं, पट्टा काढून. टाळूवर बर्फ दाबू नका, सूज किती ते चाचपत बसू नका. आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, अर्धी नाही, पाव नाही, थेंबभर सिरप पण नाही.

पायरी ९: ऑपरेशन, दात, आणि पिल्लं काढायचा विचार

चिवावाचे दुधाचे दात बरेचदा पडत नाहीत, पक्के दात शेजारून येतात आणि दोन ओळी होतात, मग भूल देऊन काढावे लागतात. बहुतेकदा नसबंदीच्या वेळीच उरकतात म्हणजे भूल एकदाच. आधी रक्त तपासणी, उपाशी किती तास ठेवायचं ते डॉक्टरांकडूनच नीट विचारा (मोठ्या कुत्र्याएवढं उपाशी ठेवलं की परत साखरेचा प्रश्न), आणि टाळूचं आधीच्या डॉक्टरांना सांगितलं असलं तरी भूल देणाऱ्याला परत सांगा. ऑपरेशननंतर टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन असतो तेव्हा ते सगळीकडे आदळत फिरतं, ते दोन दिवस जवळ बसा.

टाळू मोठी असलेल्या कुत्र्याची पैदास करू नका, मादी असो वा नर. पिल्लांमधे ते उतरण्याची शक्यता एक, आणि दुसरं म्हणजे गोल मोठी डोकी आणि आईचं अरुंद कंबरडं ह्यामुळे चिवावाची बाळंतपणं अडतात, सिझेरियन लागतं. "एकदा पिल्लं होऊ देत, तब्येतीला चांगलं असतं" ह्या म्हणण्याला कुठलाही आधार नाही.

बाकी गुडघ्याची वाटी सरकणं (तीन पायांवर उड्या मारत दोन पावलं जाऊन परत नॉर्मल), वय झाल्यावर हृदयाच्या झडपेचा त्रास, हे चिवावाच्या यादीत आहेच, पण त्यांचा टाळूशी संबंध नाही, वर्षातून एकदा तपासणीत ते बघून होतं. चिवावा चौदा-सोळा वर्षं सहज जगतो, उघड्या टाळूसकट जगतो.

गावाला जाताना कुत्रं कोणाकडे ठेवणार असाल, बोर्डिंग असो किंवा मावशीकडे, तर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या: डोक्याच्या मधोमध हाड नाही, टपली मारायची नाही, दर चार-पाच तासांनी खायला, लडखडलं तर हिरडीला मध, फिट पाच मिनिटांच्या वर गेली तर थांबायचं नाही, डॉक्टरांचा नंबर हा, रात्री उघडा असणारा दवाखाना हा. ग्रूमरलाही हेच तोंडी सांगा, आणि ड्रायरची गरम हवा माथ्यावर एकाच जागी धरू नको म्हणून बजावा. मधाची छोटी बाटली कागदाबरोबरच पिशवीत टाका, त्यांच्याकडे असेलच असं धरून चालू नका.